बनूबाईचा नीरफणस

नाटकात काम करणाऱ्या बाईला खोली मिळते, शेजार मिळत नाही. एक्क्याऐंशी साली मी अंबरनाथला शिवमंदिराच्या मागच्या चाळीत राहायला आले तेव्हा हे मला पाठ होतं. कारखान्यांतले कामगार आणि गावोगावची हौशी मंडळी नाटकं बसवत. त्यांच्याकडे नायक डझनभर असत, नायिका एकही नसे. मग उल्हासनगरपासून पार कर्जतपर्यंत बोलावणं यायचं ते मला. आज एकाची पतिव्रता, परवा दुसऱ्याची सावत्र आई. अशा बाईच्या दारात पहिल्या दिवशी वाटीभर साखर मागायलासुद्धा कोणी येत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र एक बाई आली. ठेंगणी, सावळी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, केसांत आणि खांद्यावर निळ्या सुताचे तुकडे चिकटलेले. नमस्कार नाही, नाव नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं विचारलं, "तांदूळ धुतलेलं पाणी कुठं टाकलंत?"

"मोरीत."

"मोरीत काय उगवणार हाय?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मी बनूबाई. टोकाची खोली. आजपासून तांदळाचं, डाळीचं, माशाचं पाणी बाहेर झाडाला. साबणाचं नाय. इसरलात तर आत येऊन मीच घेऊन जाईन." एवढं बोलून ती निघाली, आणि चार पावलांवरून वळून म्हणाली, "चहा झालाय. येताव काय?"

मी आयुष्यात खूप एन्ट्र्या पाहिल्या. पडद्यामागे अर्धा तास भूमिका अंगात आणून मग रंगमंचावर येणारे नट पाहिले. पण कामाचं बोलून झाल्यावर जाता जाता माणूस आपलं करून टाकायची ही तऱ्हा मी तिच्याकडेच पाहिली.

झाड म्हणजे तेव्हा गुडघ्याएवढं रोप होतं. चाळीचा नळ आणि मागची भिंत यांच्यामधल्या तुकड्यात ते उभं होतं. भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण, आणि थंडीचे दिवस असल्यानं अंगाला गोणपाट. मी विचारलं, आंबा आहे का. बनूबाईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी राजाला शिपाई म्हटलं होतं.

ते नीरफणसाचं रोप होतं. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते, नीरफणस म्हणजे आपला फणस नव्हे. फळ लहान, दोन तळव्यांत मावेल एवढं, वरून फणसासारखं पण मऊ काट्यांचं. आत गरे नाहीत, आठळ्या नाहीत, सगळा बटाट्यासारखा गर. पानं ही एवढाली मोठी, बोटं फाकलेल्या पंजासारखी. समुद्राच्या बाजूला, जिथं हवा दमट आणि ऊबदार, तिथं हे झाड सुखानं राहतं. आणि बी नसल्यानं ते पेरता येत नाही. मोठ्या झाडाच्या मुळाला फुटवा आला तर तो काढून लावायचा, एवढाच मार्ग.

बनूबाईचं माहेर दापोलीच्या खाली, खाडीकाठी. तिथं तिच्या आईनं घराच्या मागच्या बाजूला नीरफणस लावला होता. आई गेल्यावर भाऊ आनंदा त्याचा एक फुटवा ओल्या पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, एस.टी.नं अंबरनाथला आला. "माहेरची साडी सगळेच देतात," बनूबाई सांगायची, "माझ्या भावानं आईच आणून दिलीन."

तिचा नवरा हरिचंद्र रंगाच्या कारखान्यात होता. त्याच्या हातांचा रंग दर महिन्याला बदलायचा. कधी हळद लागल्यासारखे पिवळे, कधी जांभळे. सुकलेला, उंच, आणि तोंडानं तिखट. त्याला नीरफणस आवडायचा नाही. "लहानपणी भात नसला की आई हाच उकडून द्यायची," तो म्हणायचा, "आता पगार मिळतो, तर ही मला परत तेच खायला घालणार." झाडाला तो बनूबाईचा दुसरा नवरा म्हणायचा. कामावरून आला की विचारायचा, "काय, मालक जेवले का आधी?"

"जेवले," बनूबाई म्हणायची. "ते तुमच्यासारखे मीठ कमी म्हणत नायत."

ते गमरे कुटुंब, छप्पन सालापासून बुद्धाला मानणारं. भिंतीवर फोटो दोनच, आणि दोन्ही रोज पुसलेले. उपास नाही, नवस नाही. तिची भक्ती म्हणाल तर ती त्या दोन फोटोंनंतर थेट झाडाशी पोचायची. बाजारातून बोंबील, मांदेली आणली की धुतलेलं पाणी झाडाला. त्या वासानं सगळ्या अंबरनाथची मांजरं आमच्या चाळीत येत. शेजारची कौसाबाई करवादायची, "बने, झाड वाढवतेस की मांजरं?"

"दोन्ही. तुझ्या घरात उंदीर दिसला काय गो तीन वर्षांत?"

उंदीर खरंच नव्हते.

झाड वाढलं, पत्र्याच्या वर गेलं, आणि त्याची सावली पडायला लागली तशी चाळीतल्या बायकांची बैठक तिथं बसायला लागली. उल्हासनगरात जीन्स शिवायचे कारखाने घरोघरी निघाले होते. शिवून झालेल्या पँटांचे सुटे धागे कापायचं काम बायकांना घरी मिळायचं. एक सिंधी व्यापारी सायकलीवरून गठ्ठे पाठवायचा, आणि आठवड्यातून एकदा स्वतः यायचा. बनूबाई त्याला साईं म्हणायची आणि तो तिला दीदी. बनूबाईच्या केसांतले निळे धागे त्या कामाचे. दुपारभर कात्र्यांचा कचकच आवाज, मध्येच एखादं वाळकं पान पत्र्यावर धाडकन पडायचं, आणि मी त्या बायकांमध्ये बसून माझे संवाद पाठ करायची. त्यांनाही ते पाठ व्हायचे. एकदा प्रयोगात माझं वाक्य सुटलं, तर प्रेक्षकांतून कौसाबाईनं ते मोठ्यानं पुरवलं. पुढच्या रांगेतले कारखान्याचे मॅनेजर वळून बघायला लागले. बनूबाई त्यांना म्हणाली, "बघता काय? तिला सगळं येतंय, दमलेय जरा."

पहिली फळं धरली ती शहाऐंशीच्या पावसाळ्यात. मोजकीच होती. बनूबाईनं एकही विकलं नाही. फळाच्या सालीवर चिकाचे पांढरे थेंब दिसायला लागले की तिनं ते उतरवायचं, विळीला तेल लावायचं, साल काढून पातळ काप करून मिठाच्या पाण्यात टाकायचे, नाहीतर ते काळे पडतात. मग तिखट, हळद, मीठ, तांदळाचं पीठ, आणि तवा. त्या वासानं लोक आपोआप दारात यायचे. तिनं ताटल्या भरून घरोघरी पाठवायला घेतल्या.

कौसाबाई दारात आली आणि म्हणाली, "मला कच्चाच दे. मी घरी करीन."

मी तिथंच होते. कौसाबाई देशावरची, सोवळ्यातली नव्हे, पण गमऱ्यांच्या तव्यावरचं खायला तिचा हात अडत होता. धागे मात्र ती बनूबाईच्या मांडीला मांडी लावून कापायची. बनूबाईला सगळं कळलं. तिचा चेहरा जराही हलला नाही. तिनं एक चांगलंसं फळ निवडून कौसाबाईच्या हातात ठेवलं. विळीला तेल लाव किंवा मिठाच्या पाण्यात टाक, हे मात्र सांगितलं नाही.

संध्याकाळी कौसाबाईच्या बोटांना चीक, विळीला चीक, पदराला चीक. काप काळे ठिक्कर. तिचा नवरा महिपती जेवायला बसला आणि म्हणाला, "हे काय, चपलेचे तळवे तळलेस?" आमच्या भिंती पातळ होत्या. सगळ्या चाळीनं ऐकलं.

पुढच्या वर्षी फळं उतरली तेव्हा कौसाबाई स्वतःची ताटली घेऊन बनूबाईच्या चुलीपाशी येऊन बसली. "गरम गरम वाढ," म्हणाली. बनूबाईनं वाढलं. त्यावर दोघी कधी एक शब्द बोलल्या नाहीत. नाटकात असा प्रसंग असता तर लेखकानं दोन पानांचं भाषण घातलं असतं, आणि मी ते म्हटलंही असतं.

नव्वदच्या पावसाळ्यात आनंदा आला. चहा पिऊन झाल्यावर बराच वेळ बशी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "ताय, आईचं झाड गेलं. वाऱ्यानं मुळासकट पडलं."

"फुटवा?"

"नाय राहिला. खाडीचं पाणी शिरलं होतं. सगळं सडलं."

बनूबाई उठली आणि बाहेर गेली. मी आत कांदा चिरत होते, मला खिडकीतून दिसलं. ती झाडाखाली नुसती उभी राहिली, रडली वगैरे नाही. खोडावर चढलेली मुंग्यांची रांग हातानं झाडली आणि परत येऊन भावाला जेवायला वाढलं. पण त्या दिवसापासून झाडाकडे बघायची तिची नजर बदलली. एकुलत्या एका मुलाकडे बघतात तशी झाली.

पुढच्या वर्षी चाळमालक वारले आणि चाळ मुलाकडे, चिंतामणीकडे आली. चिंतामणी वाईट माणूस नव्हता. आमच्यासमोर वाढलेला, झाडावर चढून खाली पडलेला, बनूबाईच्या हातचे काप खाल्लेला. तो एका रविवारी सगळ्यांना बोलवून म्हणाला की इथं तीन मजली इमारत येणार, सगळ्यांना पैसे मिळतील किंवा खोली, दिवाळीनंतर चाळ रिकामी करायची. लोक पैशांचं विचारायला लागले. बनूबाईनं विचारलं, "आणि झाड?"

"मावशी, पिलर बरोबर तिथंच येतोय."

"पिलर सरकव."

"पिलर काय खाट आहे सरकवायला? मी तुला नर्सरीतून दहा झाडं आणून देतो. हापूस देतो."

"हापूस तुझ्या बायकोला दे. माझ्या आईनं हापूस लावला नव्हता."

गमऱ्यांचं बस्तान तसं ठरलेलं होतं. हरिचंद्रानं कारखान्यातल्या सोबत्यांबरोबर बदलापूरच्या पुढं चामटोलीला जमिनीचा लहानसा तुकडा घेऊन ठेवला होता. तिथं दोन खोल्या उठायला लागल्या होत्या. तेव्हा प्रश्न घराचा नव्हताच. प्रश्न हा की दहा वर्षांचं झाड उचलून नेता येत नाही, त्याला बी नाही, आणि त्याची आई मरून गेलेली. दिवाळीपर्यंत त्याच्यापासून एखादं पोर निघालं तर निघालं. नाही निघालं तर तिच्या आईच्या हातचं म्हणून या जगात काही उरणार नव्हतं.

फुटवा आपण होऊन आला नाही तर मुळाला जखम करून आणवतात. खोडापासून दोन-तीन हातांवर, वरवर धावणारं मूळ उघडं करायचं, कोयत्यानं त्याची साल थोडी छिलायची, वर माती आणि शेणखत लोटून ओल ठेवायची. बनूबाईनं फाल्गुनात ते केलं. कोयता हातात घेऊन ती बराच वेळ बसून राहिली. हरिचंद्र खाटेवरून म्हणाला, "माझ्याशी लग्न करताना एवढा विचार केला नव्हतास."

"तुमाला कापायचं नव्हतं ना."

फुटवा आला. मृगाच्या सुमारास मातीतून हिरवं टोक वर आलं आणि चाळीत पेढे वाटायचे तेवढे राहिले. भाद्रपदात तो वीतभर उंच झाला, पानाला बोटं फुटली, तेव्हा तिनं त्याला मोठ्या झाडाशी जोडणारं मूळ तोडलं आणि मुळाच्या तुकड्यासकट तो उपटला. आता तो कशात तरी लावायला हवा होता, कारण चामटोलीला अजून बांधकामाचा पसारा होता.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या भागात पाणी दिवसाआड यायचं, आणि प्रत्येक घरात निळे प्लास्टिकचे ड्रम असायचे. कारखान्यांत रसायन भरून येणारे ड्रम रिकामे झाले की उल्हासनगरच्या बाजारात विकायला येत. स्वस्त आणि जन्मभर टिकणारे. ते घरी आणले की आमच्याकडे ड्रम मुरवायची पद्धत होती. चिंच आणि सोडा घालून पाणी भरायचं, चार दिवसांनी ओतायचं, परत भरायचं, असं महिनाभर. मगच त्यातलं पाणी प्यायचं. कोणाच्या घरी पाहुणा आला की तोसुद्धा विचारायचा, "ड्रम मुरलाय ना?"

आपल्या फुटव्यासाठी बनूबाईनं कुंडी घेतली नाही. कुंडी फुटते, एस.टी.त धक्का लागतो. तिनं हरिचंद्राला बाजारातून तसलाच आणखी एक ड्रम आणायला लावला, चांगला जाड, आणि तो मधोमध कापून घेतला. सगळ्या चाळीनं वाखाणलं. महिपती म्हणाला, "झकास. ट्रकमधून पडला तरी काही होणार नाही." ड्रम मुरवायला वेळ नव्हता. फुटवा तोडून ठेवलेला, मुळं सुकत होती. सोड्यानं खळखळून धुतला आणि माती भरली. मुरवायचा तो माणसांसाठी, झाडाला कुठं चिंच लागते, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा कोणाच्या मनातच आलं नाही.

आठ दिवसांत पानांच्या कडा जळाल्यासारख्या झाल्या. बनूबाईनं सावलीत हलवला. मग उन्हात. मग पाणी कमी केलं, मग वाढवलं. घटस्थापनेच्या सुमारास देठ काळा पडला. एका दुपारी ऊन तापलेलं असताना मी ड्रमवर वाकले तर मला ओळखीचा वास आला. आम्ही दाढीमिशा चिकटवायला जो गोंद वापरतो, तसला, नाकात चढणारा.

"बनूबाई, हा वास कसला?"

तिनं वाकून हुंगलं. मग हरिचंद्रानं. तो रोज रसायनांत उभा राहणारा माणूस. त्यानं मूठभर माती उचलून नाकाशी नेली आणि खाली टाकली. मग त्यानं सावकाश मोरीतल्या पाण्याच्या ड्रमाकडे पाहिलं.

"आपण त्यातलं पितो," कौसाबाई म्हणाली.

"आपला मुरलाय," बनूबाई म्हणाली. तिनं तो सुकलेला फुटवा मुळासकट बाहेर काढला, ओट्यावर ठेवला, आणि त्याच्याशेजारी बसून धागे कापायला घेतले. त्या दुपारी तिनं एका पँटीचा खिसाच कापला. साईंचा माणूस ओरडला तर म्हणाली, "कापून घ्या पैसे."

दुसऱ्यांदा मुळाला जखम करायला वेळ उरला नव्हता. दिवाळी तोंडावर आली होती. मी चिंतामणीकडे गेले. रंगभूमीवर मी कितीतरी निष्ठुर सावकारांच्या पाया पडले होते, तेव्हा ते जमत होतं. चिंतामणीनं माझं सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणीही आणलं बिचाऱ्यानं. म्हणाला, "अंजनीताई, खड्डे खणायचा ठेका दिलाय. माणसं येऊन बसलीत. मी तरी काय करू?"

परत येऊन मी बनूबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"रडलीस काय त्याच्यापुढं?"

"रडले."

"खरं की नाटकातलं?"

"दोन्ही."

"मग नाय होत," ती म्हणाली आणि सुपातले खडे वेचत राहिली. थोड्या वेळानं तिचा हात थांबला. "माझ्या लहानपणी शेजारी विहीर खणली होती," ती म्हणाली. "मुळ्या तोडून मातीच्या ढिगावर फेकल्या होत्या. त्या ढिगावर कोंब आले होते. आईनं दाखवले होते मला. नीरफणसाचेच होते, की दुसऱ्या कशाचे?"

मला काय ठाऊक. हरिचंद्र म्हणाला, "तिथं समुद्राची वाळू, समुद्राची हवा. आणि आता थंडी येतेय."

"मला माहीत हाय काय येतेय ते."

दिवाळी झाली. चाळ निम्मी रिकामी झाली. मी विठ्ठलवाडीला डेपोजवळ खोली घेतली होती, पण सामान हलवायचं दोन दिवस लांबवलं. सकाळी माणसं कुऱ्हाडी आणि दोर घेऊन आली. बनूबाई आत बसून राहिली. दार उघडं होतं पण ती पाठ करून बसली होती. झाड पत्र्यावर पडू नये म्हणून आधी फांद्या तोडल्या, मग खोड. नीरफणसाचं लाकूड हलकं. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर पडलं. पांढरा चीक इतका वाहिला की तोडणाऱ्यांची कुऱ्हाड हाताला चिकटायला लागली. हरिचंद्र कामावर गेला असावा असं मी धरून चालले होते.

दुपारी बुंध्याभोवती खड्डा खणायला सुरुवात झाली. तेव्हा हरिचंद्र कुठूनसा आला. त्या महिन्यात त्याचे हात हिरवे होते. त्यानं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खड्ड्यात उतरला. मुकादम म्हणाला, "ओ काका, बाहेर व्हा, लागेल."

"तुम्ही खणा. मी फक्त मुळं घेतो."

"मुळांचं काय करता? जळण पण नाही होत."

"बायकोनं मागवलीत," हरिचंद्र म्हणाला. "तुझं लग्न झालंय का?"

मुकादम हसला आणि त्यानं फावडं हळू मारायला सांगितलं.

तेव्हा बनूबाई बाहेर आली. खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली आणि वरून सांगायला लागली. "ते जाडं नको. अंगठ्याएवढं बघा. ते साल गेलेलं टाका. वरचं टोक कुठलं त्याची खूण करा, उलटं लावलं तर मेलं." हरिचंद्र एकेक मूळ मातीतून सोडवून, जुन्या धोतराच्या चिंधीनं पुसून वर देत होता. ती ते ओल्या गोणपाटात ठेवत होती. कौसाबाई पाणी शिंपडत होती. मी चीक लागू नये म्हणून त्याच्या हातांना खोबरेल लावायला खाली वाकले, तर म्हणाला, "ताई, हा आमचा सीन आहे. तुमची एन्ट्री नंतर." दोघांचं लग्न होऊन किती वर्षं झाली होती मला माहीत नाही. त्यांच्याइतकं एकजीव काम करताना मी कुठल्याही जोडीला, रंगमंचावर किंवा बाहेर, पाहिलं नाही.

त्या मुळ्या चामटोलीला गेल्या. फळांच्या लाकडी खोक्यात उल्हास नदीची वाळू भरून त्यात, खुणेचं टोक वर ठेवून, तिरप्या पुरल्या. थंडी टाळायला खोकं चुलीच्या मागच्या भिंतीला लावलं होतं, जिथं ऊब राहते. मी विठ्ठलवाडीला आले आणि माझ्या कामात पडले. हिवाळ्यात प्रयोग जास्त असतात. एकदोन निरोप आले. एकदा साईंच्या माणसाबरोबर: काही मुळ्या कुजल्या. नंतर परत: आणखी कुजल्या. मी विचारायचं सोडून दिलं. वाईट बातमी दर वेळी माणसाकडून वदवून घेऊ नये.

होळीनंतर एका सकाळी दार वाजलं. बनूबाई होती. ठेवणीतलं जरीचं लुगडं नेसलेली, केसांत अबोलीचा गजरा, हातात पिशवी. असं लुगडं ती बुद्धजयंतीला आणि लग्नाला नेसायची. मला वाटलं कुणाचं लग्न ठरलं. ती बसली, चहा प्याली, माझ्या खोलीची भिंत ओल धरते असं म्हणाली, डेपोतल्या गाड्यांचा आवाज तुला सोसतो कसा असं विचारलं. चामटोलीला विहिरीचं पाणी गोड आहे, शेजारीण भांडखोर आहे, हरिचंद्राचा खोकला वाढलाय. सगळं झालं. तिनं पिशवीतून खडीसाखरेची पुडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"आला," ती म्हणाली.

"कधी?"

"परवा. एकच. बाकीच्या गेल्या सगळ्या. पण एक आला."

मग ती रडली. भावानं आईच्या झाडाची बातमी आणली तेव्हाचं, फुटवा जळला तेव्हाचं, झाड पाडलं तेव्हाचं, सगळं मिळून. मी तिला थांबवलं नाही.

रोप जमिनीत लावायचं ठरलं ते पाऊस चांगला लागून माती भिजल्यावर. तिनं मला मुद्दाम बोलावलं. मी चामटोलीला पोचले तेव्हा नवराबायको भांडत होते. हरिचंद्राचं म्हणणं, झाड कुंपणाकडे लावावं. याची मुळं जमिनीच्या वरवर पसरतात, उद्या जोत्याला तडा जाईल. बनूबाईचं म्हणणं, झाड मागच्या दारासमोर पाहिजे, चुलीपाशी बसलं की दिसेल असं.

"घर पडलं तर?"

"परत बांधता येतं. आपण पाहिलंय बांधताना."

त्यानं घर बांधायला लागलेली सगळी वर्षं मनात मोजली असावीत. मग कुदळ उचलली आणि मागच्या दारासमोर, पण बनूबाईनं दाखवलेल्या जागेपासून चार पावलं पलीकडे, खणायला सुरुवात केली. तिनं ते पाहिलं आणि चालवून घेतलं.

रोप आता माझ्या कोपराएवढं झालं होतं. एकच देठ आणि पाच पानं, त्यातलं वरचं अजून मिटलेलं. आम्ही खोक्याची एक फळी काढली. वाळू अलगद सांडली आणि मूळ दिसलं. जुनं, अंगठ्याएवढं, त्यावर कोयत्याची खूण, आणि त्याच्या कुशीतून निघालेली पांढरी बारीक मुळं. बनूबाईनं ते दोन्ही हातांनी उचलून खड्ड्यात बसवलं.

"अंजनीताय, तू धर. सरळ धर, वाकडं नको."

"मी?"

"मला माती दाबायला दोन्ही हात लागतील."

मी चिखलात गुडघे टेकून बसले आणि देठ दोन बोटांत धरला. हरिचंद्र माती लोटत होता, बनूबाई तळव्यांनी दाबत होती. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. पाऊस बारीक चालूच होता. माझं अंग अवघडलं, मान दुखायला लागली.

"झालं का?" मी विचारलं.

"सोडू नकोस," बनूबाई म्हणाली. "माती बसू दे."